खिळ्यावर पिशवी नव्हती

शालूबाईला दोष देणारे लई निघालेत आता. हाटेलात बसून दात कोरता कोरता म्हणून राहिले, म्हातारीला अक्कल न्हाई, दार वाजवायला तिचं काय जात व्हतं? म्या म्हणलं, तुमी वाजवलं व्हतं का रे? तुमच्या अन् मदीनाबीच्या दारात दहा पावलं बी न्हाईत. दार वाजवणारा सगळ्या गावात एकटा मी. मी वाजवलं, शिव्या देल्या अन् निघून गेलो. म्हून ही गोष्ट सांगायची तर म्याच सांगायला पायजे. मी परमेश्वर. जीप चालवतो, गावापून गोरेगाव अन् तिथून सेनगाव. गोड करून सांगायची मला सवय न्हाई, जे झालं ते बराबर सांगतो.

आमच्या गावाला एक चर्च हाय. चर्च म्हणलं की तुमच्या डोळ्याम्होरं उंच मनोरा येत असंल, तर तो काढून टाका. पत्र्याची एक खोली, चुना मारलेली, वर लोखंडी क्रूस, अन् भायेर लिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. त्यालाच ते घंटा म्हणतात. एका काळी ह्या मंडळीचे चाळीस उंबरे व्हते. लेकरं शिकली, नौकरीला लागली, कुणी पुण्याला गेलं, कुणी संभाजीनगरला. सहा घरं राहिली. पाळकसाहेब हिंगोलीहून महिन्यातून एकदा येतात. बाकीच्या रविवारी शालूबाईच झाडती, शालूबाईच घंटा वाजवती अन् गाणं बी तीच उचलती. तिचा मालक शांतवन जाऊन बारा वर्षं झाली. लेकरूबाळ न्हाई. सत्तरीची बाई, पायात वाताचा आजार, अन् बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं रागं भरून राहिली.

तिचा सगळा जीव एका गोष्टीत व्हता, मूठ. ह्या मंडळीच्या बाया रोज चूल पेटवायच्या आधी एक मूठ ज्वारी डब्यात टाकतात. घरात पाव्हणा असो, नसो. पोतं भरलेलं असो का तळाला लागलेलं असो. रविवारी ते डबे चर्चमधल्या पिंपात रिकामे व्हतात. अन् शनिवारी पाटंला, तांबडं फुटायच्या आधी, ती ज्वारी गावातल्या ज्यांच्या चुलीचं खरं न्हाई अशा घरी जाते. ख्रिस्ती घरी न्हाई बरं. मराठा, धनगर, मुसलमान, कुणाच्याबी. करोनाच्या साली, जवा सख्खा भाऊ भावाच्या दारी फिरकत नव्हता, तवा चौदा दारांवर पिशव्या व्हत्या. गावानं कधी तोंडातून शबूद काढला न्हाई त्याबद्दल. उलटं दोनचार टवाळ म्हणले, बाटवायचे धंदे हायत. पर शालूबाईनं कुणाच्या उंबऱ्यावर उभं राहून देवाचं नाव बी कधी घेतलं न्हाई. नाव घ्यायला तोंड दिसावं लागतं, अन् तोंड दाखवायचंच न्हाई हा मुठीचा कायदा.

कायदा असा. ज्याला गरज हाय त्यानं शुक्रवारी दिवस मावळता रिकामी पिशवी चौकटीच्या खिळ्याला अडकवायची. पाटंला मूठवाली येते, रिकामी काढते, भरलेली अडकवते, जाते. तिनं दार वाजवायचं न्हाई, खाकरायचं बी न्हाई. आतल्यानं कडी काढायची न्हाई, आवाज द्यायचा न्हाई, फटीतून बगायचं न्हाई. पाय दूर गेले की मंग पिशवी आत घ्यायची. खिळा मोकळा असला तर समजायचं, ह्या हप्त्याला त्या घरचं भागलं, देवानं बगितलं. इचारायचं न्हाई. उजव्या हातानं देल्लेलं डाव्याला कळू न्हाई म्हणतात ना, ते ह्या लोकांनी इतकं मनावर घेतलं की पंचेचाळीस वर्षांत कुणाच्या घरी पिशवी जाते हे कुणी कुणाला सांगितलं न्हाई.

मला तरी कुटं ठाव व्हतं? माहा बाप गेला तवा मी सात वर्षांचा व्हतो. एका सालभर माही माय, भागाबाई, शनिवारी पाटंला मला हाताला धरून बसवायची. मला भायेर जायाची घाई असायची. ती दाबून धरायची अन् म्हणायची, थांब, पाय जाऊ दे. कुणाचे पाय, ते मला कळायचं न्हाई. मला वाटायचं भूत हाय. आता पन्नाशीला आल्यावर, हे सगळं घडल्यावर मायनं सांगितलं की ते शांतवनचे पाय व्हते, तवा पिशव्या तो वाहायचा. मी चुलीजवळ उकिडवा बसलो अन् लेकरासारखा रडलो. लाज वाटली म्हणून न्हाई. तो व्हता तवर त्या माणसाला जीपच्या टपावर बसवलं म्हणून.

आता मदीनाबी. पिंजाऱ्याची बाई. मालकाचा कापूस पिंजण्याचा धंदा मशीननं खाल्ला, मंग मालकाला दम्यानं खाल्लं. तिचं रजया शिवणं तेवढं राहिलं. लेक मुबश्शीर हैदराबादला, एसी दुरुस्त करतो, कवातरी फोन करतो. हिचं घर माह्या जीपच्या ठेप्याला, गाडी उभी राहते तिथं, लागूनच, फळ्यांचं दार, मातीचा उंबरा. तिच्या चौकटीला खिळा हाय हे मी रोज बगायचो. मला वाटायचं दिवा अडकवायला असंल. आणि एक सांगतो, त्या मुठीच्या पिशव्या, मांजरपाटाच्या, सगळ्या एका मापाच्या, त्या शिवलेल्या मदीनाबीनंच. चर्चमधी कापड आणून देल्लं की ती शिवून द्यायची, मजुरी घ्यायची न्हाई. त्यातली एक तिच्याच दारी येते हे शालूबाईला ठाव, तिला ठाव, पर दोघी बाजारात भेटल्या तर मिरच्यांच्या भावाबद्दल बोलायच्या.

ह्या साली पिंप भरंना. मिनाबाई, शाळेतल्या शिपायाची बायको, तिच्या लेकानं तिला पुण्याला बोलावलं, म्हणजे अजून एक डबा कमी व्हणार. बाकीच्यांच्या घरी बी आता ज्वारी कुटं, राशनचा तांदूळ खातात सगळे. आठ खिळ्यांवर पिशव्या लटकायच्या अन् पिंपातून भरायच्या सहाच. शालूबाईनं आपल्या खाण्यातली एक टाकली, तवा सात. आठवी कुटून आणावी? दर शुक्रवारी ती आमच्या उंबऱ्यावर येऊन बसायची, मायला म्हणायची, भागा, ह्या पाटंला कुणाला उपाशी ठेवू ते तू सांग. माय काय सांगणार? शालूबाई एका हप्त्याला एक घर सोडायची, दुसऱ्याला दुसरं. जिथं सोडायची तिथं पिशवी तशीच रिकामी लटकत राहायची अन् तिला ती रिकामी पिशवी दिवसभर दिसायची. मुठीचं काम आपल्या हयातीत बंद पडू न्हाई, एवढंच तिचं मागणं. ती रोज गुडघे टेकून प्रार्थना करायची की देवा, ज्वारी वाढवत नसशील तर एखादा खिळा तरी मोकळा कर.

मार्गशीर्षातला शनिवार. थंडी अशी की माही जीप लवकर सुरू व्हईना. शालूबाई पाटंला निघाली, सात पिशव्या डोक्यावर. मदीनाबीच्या दाराशी आली अन् बगती तर खिळ्यावर पिशवी न्हाई. ती म्हणती, मी खिळ्याला हात लावून पाहिला, खाली पडली का म्हणून उंबरा चाचपला. न्हाई. तिला वाटलं मुबश्शीरनं काही धाडलं. बाई तिथंच चौकटीला डोकं टेकून रडली म्हणे, आनंदानं. आठ दारं, आठवं मोकळं, सात पिशव्या. बराबर. ती पहिल्यांदा कुणालाच न सोडता घरी आली.

रविवारी उपासनेत ती साक्ष द्यायला उभी राहिली. ज्याच्यावर देवाची काही कृपा झाली त्यानं मंडळीम्होरं उठून सांगायचं, ही त्यांची रीत हाय. तिनं नाव घेतलं न्हाई. म्हणली, एका बहिणीचं देवानं भागवलं, तिचा खिळा मोकळा झाला. सगळ्यांनी आमेन म्हणलं. मिनाबाई सांगती, शालूबाईला इतकं हसताना शांतवन गेल्यापून पाहिलं नव्हतं.

सोमवारी मी. मायची रजई मदीनाबीकडं टाकली व्हती, कापूस पिंजून पुन्हा भरायला. आठ दिवसांचा वायदा, पंधरा झाले. माय रातभर कुडकुडलेली. मी सकाळी पहिल्या फेरीला निघालेलो, गाडीत दहा माणसं, वरून हॉर्न वाजवून राहिले. मी गाडी चालूच ठेवली, खाली उतरलो, दारावर थापा मारल्या. म्हणलं, ए म्हातारे, रजई दे, न्हाई तर कापूस तरी वापस दे. काही न्हाई. मंग लाथ मारली दाराला. अन् जे बोललो ते इथं सांगत न्हाई. जीपच्या इंजिनाचा आवाज तुमी ऐकला असंल तर तुमाला कळंल, त्याच्यापुढं आतून कुणी कण्हलं तरी ऐकू येत न्हाई. दार आतून लावलंय का भायेरून, एवढं बी पाहिलं न्हाई म्या. घाई व्हती.

त्याच दिवशी दुपारी शालूबाई ठेप्यावर भेटली. तिनं इचारलं न्हाई काही, ती इचारतच न्हाई. पर मला बोलायची खाज. म्या म्हणलं, तुमची ती पिंजारीण माह्या मायची रजई घेऊन लेकाकडं पळाली हैदराबादला. शालूबाईचं तोंड उजळलं. म्हणली, गेली का? बरं झालं माय, लेकानं नेली. थोडं थांबून म्हणली, रजईचं मी बगते, तू तिला शिव्या देऊ नको. तिच्या मनात कणभर जी शंका असंल ती म्या अशी पुसून टाकली. आपल्या ह्या जिभेनं.

बुधवारी चाँद पाशा आला गोरेगावहून. मदीनाबीला कापूस तोच पुरवायचा. म्या म्हणलं, ती गेली. तो म्हणला, कशी गेली? परवा मुबश्शीरचा मला फोन, अम्मी फोन उचलून न्हाई राहिली म्हून. त्यानं फळीच्या फटीला डोळा लावला अन् तसाच मागं सरला. म्हणला, परमेश्वर, कडी आतून हाय.

दार आमी दोघांनी खांदा लावून पाडलं. पाडलं म्हणजे काय, पुरं पाडता बी येईना, कारण दाराच्या मागंच ती पडलेली. उंबऱ्यापून दीड हात. कंबर मोडली व्हती. शुक्रवारी दिवस मावळता पाय घसरून पडलेली, बुधवारची सकाळ झाली. तांब्या हाताला लागंल असा व्हता, म्हून जीव राहिला. अंगाखाली सगळं ओलं. मायची रजई कोपऱ्यात घडी करून ठेवलेली, पुरी झालेली, टाके बी बारीक. अन् तिच्या मुठीत मांजरपाटाची रिकामी पिशवी. ती खिळ्याला अडकवायलाच निघाली व्हती अन् तिथंच पडली.

म्या गाडीतले माणसं उतरवले. मागच्या दोन्ही सीटांच्या मधी गादी टाकली. चाँद पाशा पायाशी बसला. शालूबाईला कुणी सांगितलं न्हाई, तरी ती चपला न घालता पळत आली अन् वर चढली, डोकं मांडीवर घेतलं. गोरेगावच्या म्होरं रस्ता कसा हाय ते तुमाला ठाव हाय. हळू चालवावी तर उशीर, जोरात चालवावी तर ती वरडती. मी आरशात बगत व्हतो. शालूबाई कापसाच्या बोळ्यानं तिच्या ओठाला पाणी लावून राहिली.

सेनगाव मागं पडलं तवा शालूबाई बोलली, "मदीना, मी शनिवारी आल्ते गं. तुह्या दाराशी उभी व्हते."

"मालूम हाय," ती म्हणली. आवाज असा की मी गाडी हळू केली. "तुझे पाय ऐकले. तू रडली बी."

"मंग आवाज काहून न्हाई देल्ला?"

मदीनाबीनं ओठावरचं पाणी चाटलं. मंग म्हणली, "मूठवालीला आवाज द्यायचा नसतो ना."

मंग तिनं तुटक तुटक सांगितलं, शुक्रवारी पडली तवा शुद्ध गेली, आली ती पाटंला, अन् ठरवलं व्हतं, शालूबाईचे पाय दूर गेले की दुसऱ्या कुणाला हाक मारायची. पाय गेले. तांबडं फुटलं. तिनं हाका मारल्या बी. पर त्या शनिवारी पाटलाच्या घरी लगीन, सकाळपून जो डीजे लागला तो दुसऱ्या दिवशी बंद झाला, अन् तवर तिचा गळा गेलेला. सोमवारी मी लाथ मारली ते बी तिला ठाव व्हतं. शालूबाईला म्हणली, परमेश्वरची रजई झालीय, कोपऱ्यात हाय, त्याला सांग. माहं नाव, माह्याच गाडीत, मी चार फुटावर. त्याच्याइतकं मला आजवर कुणी मारलं न्हाई.

हिंगोलीला दवाखान्यात घेतलं. डाक्टरनं इचारलं, कधी पडली? शुक्रवारी म्हणल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं. म्हणला, शनिवारी आणली असती तर काही करता आलं असतं. त्याला काय ठाव तो कुणाम्होरं बोलून राहिला. गुरुवारी दुपारी मदीनाबी गेली. मुबश्शीर हैदराबादहून निघाला व्हता, त्याला तिचं जितं तोंड बी दिसलं न्हाई.

कबरस्तानात बायांनी जायाचं नसतं. शालूबाई भायेर भिंतीला टेकून बसली, माती पडायचा आवाज थांबेपर्यंत. मंडळीची सहाही घरं आली व्हती. अन् रविवारी ती पुन्हा साक्ष द्यायला उभी राहिली. त्या दिवशी मी जन्मात पहिल्यांदा चर्चच्या दारात उभा व्हतो, चपला हातात घेऊन. तिनं एवढंच म्हणलं, "मागच्या रविवारी म्या खोटी साक्ष देल्ली. देवानं काहीच केलं नव्हतं. ती मरून राहिली व्हती अन् मी तुमच्याकडून आमेन म्हणून घेतलं." पाळकसाहेब आलेले व्हते, ते चष्मा पुसत राहिले. गाणं त्या दिवशी कुणी उचललंच न्हाई.

मंडळीनं ठराव केला, की आजपून मूठवालीनं दार वाजवायचं, माणूस डोळ्यानं पाहायचं, मंगच पिशवी द्यायची. मी बी मान हलवली. कुणालाबी शहाणपणाचंच वाटंल. पुढच्या शनिवारी शालूबाईनं वाजवलं. पहिलं दार व्यंकटरावांचं. तुमाला सांगतो म्हून सांगतो, एका काळी ह्या माणसाच्या पारावर गावाचे तंटे मिटायचे. बायको गेली, भावकीनं शेत खाल्लं, लेक तोंड बगत न्हाई. त्यांनी दार उघडलं, फाटकी बंडी, अन् समोर शालूबाई पिशवी घेऊन, मागं दूधवाला चाललेला. म्हातारा थिजला. म्हणला, चुकीच्या घरी आल्या तुमी. अन् दार लावलं. दुसऱ्या एका घरी सुनेनं पिशवी घेतली पर मान वर केली न्हाई, दार लावल्यावर आत सासू तिला मारून राहिल्याचा आवाज आला.

त्याच्या पुढच्या शनिवारी खिळ्यांवर तीन पिशव्या. मंग एक. मंग एकबी न्हाई. दोन घरच्यांनी तर खिळेच उपटून टाकले. पिंपात ज्वारी तशीच, तिला सोंडे लागले. मिनाबाई पुण्याला गेली. बाकीच्या बाया म्हणल्या, घेणारं न्हाई तर मूठ टाकायची कुणासाठी? अन् टाकायची बंद केली. पंचेचाळीस वर्षं चाललेलं काम दीड महिन्यात संपलं, कुणी बंद करा म्हणलं बी न्हाई. पुन्हा जुना कायदा लावावा म्हणलं, तर मोकळा खिळा पाहून आता गप पुढं जायाची हिंमत कुणाच्या काळजात हाय?

शालूबाई तरी शनिवारी निघतेच. जवळ एकच पिशवी, तिच्या स्वताच्या डब्यातली. राहिलेली सातही दारं वाजवती, आतून कुणी "न्हाई पायजे" म्हणलं की पुढं जाते. तेवढा आवाज ऐकायलाच ती जाते. लोक वैतागलेत. पाटंला झोप मोडती म्हणतात.

परवाच्या शनिवारी मी तिच्या संगं व्हतो, कंदील नको म्हणली म्हून मोबाईल बी बंद ठेवला. व्यंकटरावांचं दार वाजवलं. आवाज न्हाई. पुन्हा वाजवलं. न्हाई. ती उंबऱ्यावर बसली, कान फळीला लावला. मंग माह्याकडं वळून म्हणली, "परमेश्वरा, तूच सांग बाबा. ह्याचं पोट भरलं समजू का हा मेला समजू?"

मी खांदा लावला. एका धक्क्यात कडी निघाली. व्यंकटराव चुलीम्होरं बसलेले, जागे, डोळे उघडे. चुलीत राख थंड. पिठाचा डबा पालथा. ते उठले बी न्हाईत, ओरडले बी न्हाईत. म्हणले, "आता अजून काय पाहायचं राहिलं?"

शालूबाईनं पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवली. त्यांनी काठीनं ती भायेर ढकलली. तोंड सुटलं, ज्वारी ओसरीवर सांडली. मी दार ओढून घेतलं, तर कडी मोडलेली, ते लागंना. शालूबाई खाली बसून दाणे गोळा करायला लागली, अन् आतून ते म्हणत व्हते, दार लावा, दार लावा.